सोलो कुणी वाजवायचा?

या महिन्यात आलेली निम्म्याहून जास्त पत्रं गिटारवाल्यांची आहेत. तबलजी आणि पेटीवाल्यांनी रागावू नये, त्यांचा नंबर पुढच्या अंकात.

प्रश्न : सर, आमचा कॉलेजचा रॉक बँड आहे. दोन गिटारवाले, मी आणि माझा मित्र. लीड (सुरावट आणि सोलो, म्हणजे एकट्यानं वाजवायचा तुकडा) दोघांनाही वाजवायचं आहे, रिदम (मागची लयीची साथ) कुणालाच नको. मित्र म्हणतो, रिदम म्हणजे दुय्यम काम. गॅदरिंगच्या तोंडावर यावरून बोलणं बंद झालंय. मोठ्या बँडमध्ये हे कोण ठरवतं? पन्नास-साठ वर्षं त्यांची भांडणं होत नाहीत का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : भावा, भांडणं होतात. चांगली पेपरात छापून येण्याइतकी होतात. तुझं चार पानी पत्र वाचलं. त्यात सोलो आहे, लीड आहे, स्टेजवर मध्ये कोण उभं राहणार हेसुद्धा आहे. पण एकाचा सोलो चालू असताना दुसऱ्यानं काय वाजवायचं, याबद्दल एक ओळ नाही. माझ्या मते आधी ते ठरवायचं असतं.

रोलिंग स्टोन्स घे. 1962 पासूनचा बँड, आणि या एकाच बँडनं गिटारींची वाटणी तीन तऱ्हांनी करून बघितली आहे. सुरुवातीला कीथ रिचर्ड्स आणि ब्रायन जोन्स. दोघंही शिकागोच्या ब्लूजच्या रेकॉर्डींवर वाढलेले. हा लीडवाला, तो रिदमवाला असा हिशेबच नव्हता. एकाचा तुकडा संपेल तिथं दुसऱ्यानं उचलायचं. कीथ याला विणकाम म्हणतो. (इचलकरंजीकरांना वेगळं समजवायला नको.) पुढं जोन्सचं मन गिटारीतून उडालं. 1966 पर्यंत तो सतारीपासून मरिम्बापर्यंत हाताला येईल ते वाजवत होता आणि स्टुडिओत दोन्ही गिटारींचं काम बरेचदा एकट्या कीथवर पडायचं.

1969 मध्ये जोन्स बँडमधून गेला आणि वीस वर्षांचा मिक टेलर आला. तो आल्याबरोबर वाटणी सरळ झाली : कीथनं रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) धरायचा आणि टेलरनं त्यावर लांब, गोड फिरत घ्यायची. तुम्हां दोघांच्या डोक्यात आहे ना लीड-रिदम, ते हेच. पाचेक वर्षं हे झकास चाललं. 1974 च्या डिसेंबरात टेलरनं बँड सोडला, 1975 च्या दौऱ्यावर रॉनी वुड आला आणि गाडी पुन्हा विणकामावर. 1978 चं ‘बीस्ट ऑफ बर्डन’ हेडफोन लावून ऐक. दोन गिटारी आहेत, पण कुठलीही एक पूर्ण कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरून बसत नाही आणि कुठलीही सुटी होऊन सोलोत पळत नाही. कोण कुठला, हे ओळखताना मला अजूनही थांबावं लागतं. लोकांना टेलरचा काळ जास्त आवडतो. मी वुडच्या बाजूचा आहे. टेलर माणूस कमाल वाजवतो, पण त्याच्या काळातला कीथ ऐकताना मला अर्धी गिटार बांधून ठेवल्यासारखं वाटतं. हे माझं मत, पत्रं पाठवू नका.

कीथची आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. साठच्या दशकाच्या शेवटी त्यानं गिटारची सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार काढूनच टाकली आणि उरलेल्या पाच तारा जी-डी-जी-बी-डी अशा लावल्या. नुसत्या तारा छेडल्या तरी जी मेजर वाजतो. खालची जागा आपोआप बेस गिटारला मोकळी झाली. आणि जोडीदार नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये असल्यामुळं दोघं तोच कॉर्ड वाजवत असले तरी सुरांची मांडणी सारखी येत नाही. म्हणजे वाटणी तारा लावतानाच झाली, वादाला जागा कुठं राहिली?

आता तुझ्या मित्राच्या ‘दुय्यम’चं. त्याला एसी/डीसी ऐकव. 1973 साली सिडनीत माल्कम आणि अँगस या यंग भावांनी हा बँड काढला. शाळेच्या गणवेशात स्टेजभर नाचतो तो अँगस, म्हणून पोस्टरवरही तोच. माल्कम मागं, अँप्लिफायरच्या भिंतीला लागून, ग्रेच गिटार घेऊन उभा असायचा. कोरस म्हणायला माइकपाशी यायचा, पुन्हा मागं. पण रिफ, लय, कुठं थांबायचं, ही सगळी सूत्रं त्याच्या हातात. तारा जाड आणि डिस्टॉर्शन (आवाजाला आणलेली खरखर) बेताचं. आपली पोरं ही खरखर वाढवणारा गेनचा नॉब शेवटपर्यंत फिरवतात आणि म्हणतात, जाळ अन् धूर संगटच! धूर भरपूर निघतो, कॉर्डमधला एकेक सूर मात्र ऐकू येत नाही. माल्कमचा येतो. या बँडच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन गिटारी बहुतेक वेळा डाव्या-उजव्या बाजूंना ठेवलेल्या असतात. हेडफोनचा एक कान काढून एकच गिटार ऐका, मग दुसरी. मित्राला म्हणावं, आता सांग, यातली कुठली काढली तर गाणं पडेल?

मेटालिकाचंही सांगतो, कारण तुमच्या यादीत त्यांची गाणी आहेत. कर्क हॅमेट 1983 पासून लीडवाला. पण रेकॉर्डवरचा रिदम वर्षानुवर्षं एकट्या जेम्स हेटफिल्डनं पुन्हा पुन्हा वाजवून थर लावलेला आहे, कारण दोन वेगळ्या माणसांचे हात तितके तंतोतंत बसत नाहीत. 1996 च्या ‘लोड’पर्यंत हॅमेटच्या वाट्याला रेकॉर्डवर रिदम आलाच नाही. आणि 1991 च्या ‘नथिंग एल्स मॅटर्स’मधला सोलो? तो हेटफिल्डचा, रिदमवाल्याचा.

आमच्या ऑर्केस्ट्रात गिटारी दोन आणि अँप्लिफायर एक होता. इनपुट दोन, स्पीकर एकच. गणेशोत्सवात एका मंडळाकडून दुसऱ्या मंडळाकडं जाताना तोच अँप्लिफायर टेम्पोत. मी आवाज वाढवला की जोडीदार झाकला जायचा, त्यानं वाढवला की मी, आणि दोघांनी वाढवला की गायिका मागं वळून बघायची. तिच्या त्या बघण्याला आम्ही फार घाबरायचो. मग मी वरच्या तीन बारीक तारांवर, पाचव्या फ्रेटच्या (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्टीच्या) पुढं सरकलो आणि तो खाली राहिला. कुणी बसून ठरवलं नव्हतं. पण तुम्ही मात्र बसून ठरवा, कारण तुमच्याकडं दोन अँप्लिफायर आहेत.

समजा गाणं जीमध्ये आहे : जी, ई मायनर, सी, डी. एकानं ते नेहमीसारखं वाजवावं. दुसऱ्यानं पाचव्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारी पकड) लावून डी, बी मायनर, जी, ए यांचे आकार धरावेत. सूर तेच, जागा वरची. एवढ्यानंच बँड दुप्पट मोठा वाटतो. अँप्लिफायरचे बेस नॉब दोघांनीही खाली आणा. गिटारची जाड तार साधारण 82 हर्ट्झवर वाजते, बेस गिटारची 41 वर. तुम्ही दोघं तो नॉब पूर्ण फिरवून त्या बिचाऱ्या बेसवाल्याच्या जागेत शिरता आणि मग तोही आवाज वाढवतो. मिड (मधल्या सुरांचा नॉब) मात्र एकानं वर ठेवावा, दुसऱ्यानं थोडा खाली. आणि एका कागदावर प्रत्येक गाण्याचं मुखडा, अंतरा, कोरस असं लिहून दोघांचं काम समोर मांडा. त्यात निदान एका ठिकाणी तरी ‘गप्प’ असं लिहिलेलं हवं. सोलो गाण्यागणिक वाटा : ज्यानं रिफ बसवला त्यानं रिफ धरायचा, सोलो दुसऱ्याला. बघ, मग रिफ बसवायला कुणी पुढं येतं का ते.

प्रश्न : आमच्या बँडचा जुना गिटारवादक नोकरीसाठी पुण्याला गेला. त्याचे सोलो आमच्या गावात लोकांना पाठ आहेत. नवीन मुलगा म्हणतो, मी माझं वाजवणार. तसंच्या तसं वाजवायला लावावं का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : लोक जो सोलो तोंडानं गुणगुणतात तो गाण्याचा भाग झाला, तो तसाच वाजवायचा. बाकीचे त्याला सोडून द्या.

मोठ्या बँडमध्ये दोन्ही प्रकार आहेत. माल्कम यंगला स्मृतिभ्रंश झाला आणि 2014 मध्ये तो थांबला. त्याच्या जागी आला त्याचा पुतण्या स्टीव्ही. हा 1988 च्या दौऱ्यातही काकाच्या जागी उभा राहिला होता. तिथं ‘माझं वाजवणार’ हा विषयच नाही. ती लय जशीच्या तशी हवी, नाहीतर तो बँडच राहत नाही. माल्कम 2017 मध्ये वारला. 2020 च्या ‘पॉवर अप’ अल्बममधल्या प्रत्येक गाण्याला अँगसच्या जोडीनं त्याचं नाव आहे, कारण रिफ त्यानं आधीच करून ठेवलेले होते.

आयर्न मेडनची गोष्ट मात्र मला फार आवडते. 1990 मध्ये एड्रियन स्मिथ बाहेर पडला, जॅनिक गर्स आला. 1999 मध्ये स्मिथ परत आला. कुठल्याही तालमीत आता गर्सला ‘बरंय मग’ म्हणाले असते. यांनी कुणालाच काढलं नाही. डेव्ह मरे, स्मिथ, गर्स असे तीन गिटारवादक तेव्हापासून एकत्र आहेत. दोघं सुरावट वाजवतात तेव्हा तिसरा खाली रिफ धरतो, आणि जमेल तिथं तिघं मिळून. तुमचा पुणेकर दिवाळीला घरी येत असेल. त्या दिवशी त्याला बोलवा, त्याचा सोलो त्याला वाजवू द्या, आणि नवीन मुलाला त्याच्याखाली रिदम धरायला सांगा. स्टोन्सनी 2012-13 मध्ये टेलरला पाहुणा म्हणून असंच बोलावलं होतं. तो वाजवायचा, वुड शेजारी उभा असायचा, कुणाची इज्जत गेली नाही.

प्रश्न : दोन गिटारींची ‘थर्ड’ हार्मनी (एकाची सुरावट, दुसऱ्याची तीच तिसऱ्या सुरापासून) वाजवायची आहे. सूर वर सरकवणाऱ्या पेडलवर तीन सेमिटोन (सप्तकातल्या बाराव्या हिश्श्याची पायरी) लावलं तरी मध्येच बेसूर का होतं?
— एक वाचक, कागल

उत्तर : कारण पेडल मोजतं, सप्तक बघत नाही. ई मायनर म्हणजे ईला सा धरून आसावरी थाट. पहिल्यानं सा, रे, कोमल ग, म वाजवलं तर दुसऱ्यानं कोमल ग, म, प, कोमल ध वाजवायचं. आता अंतर मोज : सा ते कोमल ग तीन सेमिटोन, रे ते म तीन, पण कोमल ग ते प चार आणि म ते कोमल ध पुन्हा तीन. पेडल सगळीकडं तीनच घेतं, म्हणून तिसऱ्या सुराला शुद्ध मध्यम आणि पंचमाच्या मधला तीव्र मध्यम ऐकू येतो. स्केल निवडायची सोय असलेलं पेडल असेल तर ई मायनर लाव. पण जोडीदार आहे ना? मग दोघं आधी तोंडानं सरगम म्हणा, बोटं नंतर. आणि तार ओढून सूर वर न्यायचा असेल तिथं दोघांनी एकाच वेगानं ओढा. बहुतेक जोड्या तिथंच उघड्या पडतात.

प्रश्न : माझा मुलगा दोन वर्षं गिटारच्या क्लासला जातो. घरी नुसतं एकाच जागी खडखड वाजवतो, पाहुण्यांसमोर एक गाणं येत नाही. विचारलं तर म्हणतो, मी रिदम गिटारिस्ट आहे. फी वाया चालली आहे का?
— एक पालक, शिवाजी पेठ

उत्तर : साहेब, खासबागेत कुस्ती बघायला जात असाल. हलगीवाला तडतड करून माणसं उठवतो, पण घुमकं थांबलं तर त्याची हलगी किती वेळ चालेल? तुमचा मुलगा घुमक्याच्या बाजूला बसलाय, बसू द्या. लीडवाले या गावात ढिगानं आहेत. कार्यक्रमासाठी पक्का रिदमवाला शोधताना माझा अजून घाम निघतो.

फी वाया जातेय का, हे मात्र घरच्या घरी तपासता येईल. मोबाइलवर मेट्रोनोम लावा, मिनिटाला 70 ठोके. त्याला पाच मिनिटं एकच कॉर्ड वाजवायला सांगा. मग आवाज बंद करा आणि तो वाजवत असतानाच थोड्या वेळानं पुन्हा चालू करा. ठोका जागेवर सापडला तर पुढच्या महिन्याची फी भरा. नाही सापडला तरी भरा, पण शिक्षकांना भेटून या.