सहा वर्षांचा मुलगा आजीवर खेकसतो

प्रश्न : आम्ही मुलुंडला राहतो. माझा सहा वर्षांचा मुलगा हल्ली माझ्या सासूबाईंवर खेकसतो. ‘एकदा सांगितलेलं कळत नाही का?’ हे त्याचे ठरलेले वाक्य. वडिलांसमोर मात्र तो अगदी शहाण्यासारखा वागतो. यजमान रात्री लोकलच्या गर्दीतून वैतागून येतात, पाणी मिळायला उशीर झाला की तेही आईंवर चिडतात, पण ते दमल्यामुळे. मी मुलाचा मोबाइल बंद केला, ओरडूनही पाहिले. त्याला हे शिकवते कोण?

उत्तर : ताई, यजमानांची बाजू सांभाळताना तुम्ही उत्तर स्वतःच लिहून गेला आहात. ते दमलेले असतात हे तुम्हाला समजते. मुलाला दिसते ते एवढेच की बाबांनी आवाज चढवला आणि आजी गुडघ्यावर हात टेकून उठली व पाणी घेऊन आली. वाक्य तर त्याने उचललेच, पण त्या वाक्याने काम होते हेही त्याच्या लक्षात आले.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये बालवाडीतील ७२ मुलांवर एक प्रयोग केला. हवा भरलेल्या मोठ्या बाहुलीला झोडपणारी मोठी माणसे ज्या मुलांनी पाहिली होती, त्यांतील अनेकांनी पुढे तिला तसेच झोडपले, काहींनी तर त्या माणसांचे शब्दही जसेच्या तसे उच्चारले. (मार खाण्यासाठीच बनवलेल्या बाहुलीवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, हा आक्षेप मला पटतो, तेव्हा तुमचा मुलगा पुढे भांडकुदळ होईल, असे मी म्हणत नाही.) तुमच्या उपयोगाचा प्रयोग १९६५ मधला आहे. त्यात मारणाऱ्याला शिक्षा झालेली ज्यांनी पाहिली, त्या मुलांनी अनुकरण कमी केले. परंतु ‘काय पाहिलेस ते करून दाखव, बक्षीस देईन’ असे म्हणताच तीही इतरांइतकेच करून दाखवू लागली. तुमचा मुलगा वडिलांसमोर गप्प असतो तो याच कारणाने: शिकलेले त्याच्याजवळ असतेच, पण तिथे ते वापरून फायदा नसतो. तुम्ही ओरडता तेव्हा त्याला आणखी एक नमुना मिळतो, आणि मोबाइल बंद केल्याने घरातला नमुना काही बदलत नाही.

यजमानांशी बोला, पण मुलगा झोपल्यावर, आणि दोष न देता त्याचे वाक्य जसेच्या तसे त्यांना ऐकवा. एवढ्या वर्षांची सवय लगेच जाणार नाही. मात्र पुन्हा आवाज चढलाच, तर ‘आई, मी उगाच ओरडलो’ हे त्यांनी मुलाच्या देखत म्हणायला हवे. एकांतात मागितलेली माफी त्याला दिसत नाही.

सगळ्यात अवघड काम सासूबाईंचे आहे, कारण नातवाच्या मायेपोटी त्या लगेच उठत असणार. तो खेकसला की त्यांनी जागचे हलू नये, आणि त्याने नीट मागितले की मात्र लगेच द्यावे. नीट मागूनही मिळते, हेही त्याला दिसले पाहिजे. सुरुवातीचे काही दिवस तो जास्तच आरडाओरडा करण्याची शक्यता आहे. त्या दिवसांत एकदा जरी कीव येऊन त्या उठल्या, तरी पुढच्या वेळी तो त्याहून मोठ्याने ओरडेल, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. तो शाळेतही मुलांवर हात उचलत असेल, तर वर्गशिक्षकांना मात्र जरूर भेटा.