रेकॉर्डवर आण

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. कधीतरी अमेरिकेच्या फेडरल अपील कोर्टात न्यायाधीश व्हायचंय, म्हणून आतापासून काही लिहायचं नाही, कुठल्या निवेदनावर सही करायची नाही. पंधरा वर्षं तोंड मिटून बसलं की नेमणुकीला मंजुरी देणाऱ्या सिनेटला बोट ठेवायला जागाच उरणार नाही, असा तुझा बेत. हुशारीचा आहे. मला मुळीच आवडला नाही.

विल्यम हेस्टी यांच्याकडे बघ. १९३७ मध्ये व्हर्जिन आयलंड्सच्या जिल्हा न्यायालयावर नेमणूक झाली आणि ते अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय फेडरल न्यायाधीश ठरले. १९३९ मध्ये ती खुर्ची सोडून हॉवर्ड विद्यापीठाच्या लॉ स्कूलचे डीन झाले. पुढे युद्धमंत्र्यांचे सल्लागार, व्हर्जिन आयलंड्सचे गव्हर्नर आणि १९४९ पासून फिलाडेल्फियाच्या थर्ड सर्किट या फेडरल अपील कोर्टावर. हे तू पाठ केलंच असशील. १९३३ ची हार मात्र बहुधा वगळली असशील.

नॉर्थ कॅरोलायनात थॉमस होकट या तरुणाला राज्याच्या विद्यापीठात फार्मसी शिकायची होती. कृष्णवर्णीय म्हणून दार बंद. डरहॅमच्या कोर्टात त्याच्यासाठी हेस्टी उभे राहिले आणि खटला अडला तो एका कागदावर. होकट ज्या कृष्णवर्णीय कॉलेजात शिकला, त्याच्या प्रमुखांनी गुणपत्रिका द्यायला नकार दिला. गुणपत्रिका नाही, म्हणजे पात्रता सिद्ध नाही. एवढा मोठा घटनात्मक प्रश्न, आणि फाइलमध्ये एक कागद कमी.

रेकॉर्डवर आण. जे रेकॉर्डवर नाही, ते अपिलात घडलेलंच नाही.

तुला ज्या कोर्टात बसायचंय त्याचा सगळा कारभार याच पायावर चालतो. तीन न्यायाधीश, साक्षीदार नाही, ज्यूरी नाही. समोर फक्त खालच्या कोर्टाची कागदपत्रं आणि ब्रीफ, म्हणजे वकिलांचे लेखी युक्तिवाद. खाली हरकत नोंदवली नसेल तर वर ती जवळजवळ मेलेलीच असते. ढळढळीत चूक दाखवता आली तरच जीव धरते. पुरावा नाकारला गेला तर नुसतं ‘हरकत आहे’ म्हणून बसू नकोस. त्या पुराव्यातून काय सिद्ध झालं असतं तेही तिथल्या तिथे सांगून ठेव. दिवाणी अपिलाची नोटीस तीस दिवसांत, फेडरल सरकार पक्षकार असेल तर साठ, फौजदारीत आरोपीला चौदा. ‘थोडं इकडेतिकडे चालतं’ असं म्हणणाऱ्याला २००७ चा बोल्स विरुद्ध रसेल दाखव. हुकलेली अपिलाची मुदत पुन्हा उघडून देताना जिल्हा न्यायाधीशांनीच चुकून चौदाऐवजी सतरा दिवस दिले, वकिलांनी त्यावर विसंबून सोळाव्या दिवशी नोटीस दिली, आणि अपील बाद झालं. चूक न्यायाधीशांची, फटका पक्षकाराला. मला तो निकाल निष्ठुर वाटतो, पण आजही कायदा तोच आहे.

आता तुझ्या मौनाबद्दल. १९४० मध्ये हेस्टी युद्धमंत्री स्टिमसन यांचे सल्लागार झाले. सैन्यातल्या वर्णभेदावर त्यांनी १९४१ मध्ये सविस्तर अहवाल दिला. लष्कराने तो बाजूला सारला. हवाई दलाने वेगळ्या प्रशिक्षणाचा हेका सोडला नाही, तेव्हा जानेवारी १९४३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि कारणं जाहीर केली. आपल्याला यात नवल वाटू नये. बाबासाहेबही मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि १९५१ मध्ये मंत्रिपद सोडताना संसदेत निवेदन वाचू दिलं नाही, तर त्यांनी ते बाहेर प्रसिद्ध केलं. कारणं न सांगता दिलेला राजीनामा म्हणजे नुसती गैरहजेरी!

एवढं सगळं कागदावर असूनही राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी हेस्टींना नेमलंच. ऑक्टोबर १९४९ मध्ये नेमणूक, सिनेटची मंजुरी १९५० च्या जुलैत. नऊ महिने डोक्यावर टांगती तलवार, हे खरं. पण विरोधकांना जे वाचायला मिळालं, ते त्यांनी स्वतः सही करून लिहिलेलं होतं. कोऱ्या पाटीवर मात्र कोणीही काहीही लिहितो.

१९६२ मध्ये केनेडींसमोर सर्वोच्च न्यायालयासाठी त्यांचं नाव होतं. जागा बायरन व्हाइट यांना मिळाली. तू हे माझ्याविरुद्ध वापरशील, ठाऊक आहे. वापर. चांगलं रेकॉर्ड ठेवलं की खुर्ची मिळतेच, असं मी कधी म्हटलंय? हट्टी म्हण मला, पण खुर्चीसाठी गप्प राहिलेल्यांपैकी किती जणांना ती मिळाली, हेही मोज की.

डीनपदाला तू ‘मधला थांबा’ म्हणालास, तेव्हा खरंच राग आला. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले थर्गूड मार्शल हॉवर्डमध्ये हेस्टींचे विद्यार्थी होते. १९४४ मध्ये, हेस्टी डीन असताना, सर्वोच्च न्यायालयातल्या स्मिथ विरुद्ध ऑलराइटमध्ये दोघांनी मिळून टेक्ससची फक्त गोऱ्यांसाठीची प्राथमिक निवडणूक (पक्षाचा उमेदवार ठरवणारी) आठ विरुद्ध एक अशी पाडली. नऊ वर्षांपूर्वी त्याच न्यायालयाने तीच पद्धत चालवून घेतली होती. मधल्या काळात, १९४१ च्या क्लासिक खटल्यात, प्राथमिक निवडणूक हा मूळ निवडणुकीचाच भाग ठरला होता. त्या फटीत पाचर कुठे ठोकायची हे त्यांना कळलं. मधला थांबा म्हणे!

तुला आलेली सरकारी नोकरी घे. पहिल्याच आठवड्यात स्वतःसाठी एक पान लिही: कोणती गोष्ट झाली तर मी इथून निघेन. तारीख घाल. पुढे मतभेद झाला तर वरिष्ठांना लेखी टिपण दे: धोरण कोणतं, आक्षेप काय, पर्याय काय, उत्तर कधी हवं. विशेषणं गाळ. गोपनीय कागद घरी नेऊ नकोस. तुझी बाजू तिथेच कोसळेल. तोंडी उत्तर मिळालं तर त्याच संध्याकाळी ‘आज आपण असं म्हणालात’ अशी दोन ओळींची ईमेल त्यांनाच पाठव.

आणि ते पहिलं पान लिहिलंस की मला कळव. त्यात काय लिहिलंस ते नको, फक्त तारीख.

तुझा,
एक कटकट्या हितचिंतक