क्लॅम्पला चिमटा म्हणू नये

रूट कॅनल करताना दाढेभोवती ताणलेला रबराचा पडदा, म्हणजे रबर डॅम, जागच्या जागी राहावा म्हणून दंतवैद्य जो पोलादी क्लॅम्प बसवतात, त्याला मराठीत 'चिमटा' म्हणावे का, अशी पृच्छा आहे. म्हणू नये. हा 'चिमटा' हल्ली आरोग्यविषयक लेखांतही सर्रास वाचावा लागतो. चिमटा हाताने दाबल्यावर पकडतो आणि हात सैल पडताच सोडतो. क्लॅम्प मात्र फोर्सेप्सने, म्हणजे पकडीने, फाकवावा लागतो आणि मोकळा सोडताच दाढेच्या फुगवट्याखाली, हिरडीलगत चार टोकांनी घट्ट बसतो. कपडे वाळत घालण्याच्या चिमट्याचा दाखला कोणी देईलच, पण तोही वस्तुतः चापच आहे आणि अनेक घरांत त्याला चापच म्हणतात.

'चाप' हाच शब्द येथे योग्य आहे, आणि त्याची गंमत व्युत्पत्तीत आहे. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य, एवढे सांगून कोशप्रेमी मंडळी थांबतात, ते मला मान्य नाही. प्राकृतात 'चंपइ' म्हणजे दाबतो. आपले 'चापणे' त्याच कुळातले, मग ते चापूनचोपून नेसलेले लुगडे असो वा पंगतीत चापलेले लाडू. 'पाय चेपणे' यातले चेपणेही त्याच घरातले असावे, असे माझे ठाम मत आहे. केसांच्या चापात आणि 'चाप बसणे' या प्रयोगात मला धनुष्यापेक्षा हे दाबणेच अधिक दिसते. क्लॅम्पमध्ये मात्र दोन्ही अर्थ एकत्र नांदतात: दोन जबड्यांना जोडणारी लवचीक कमान, जिला इंग्रजीतही 'बो' म्हणजे धनुष्यच म्हणतात, आणि त्या कमानीच्या ताणाने दाढ चापणारे जबडे.

परिभाषेचे काही आग्रही 'संदंश' सुचवतात. सुश्रुताच्या यंत्रांत संदंश आहे हे खरे, परंतु त्याचीच सांडशी होऊन आपल्या स्वयंपाकघरात आली, आणि सांडशीने पातेले उचलताना मूठ सैल सोडली तर काय होते ते या पंडितांनी एकदा करून पाहावे.

न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांनी १८६४ मध्ये रबराचा पडदा प्रचारात आणला. त्याला 'रबरी बांध' म्हणण्यास माझी हरकत नाही, कारण तो लाळ अडवतो. चाप निसटून घशात जाऊ नये म्हणून त्याच्या कमानीला आधी फ्लॉसचा दोरा बांधतात. तेव्हा 'दाढेला चाप लावला' असे निःशंक लिहावे, आणि पंख (जबड्यांच्या बाजूला आलेली, पडदा अडकवण्याची पाती) असलेल्या व नसलेल्या प्रकारांना पंखी चाप आणि बिनपंखी चाप म्हणावे.