एक कीबोर्ड, दोन संगणक आणि मंद तेवणारा दिवा

प्रश्न : कार्यालयाचा लॅपटॉप आणि घरचा डेस्कटॉप यांना एकच कीबोर्ड व पेन ड्राइव्ह आलटून-पालटून जोडता यावा, म्हणून मी सहा पायांचा सरकता स्विच वापरून तांब्याचा एकच थर असलेल्या एकपदरी बोर्डावर सर्किट केले. स्विच फक्त दोन डेटा तारा बदलतो. दोन्ही संगणकांच्या लाल तारा मी एकत्र जोडल्या आहेत. कीबोर्ड चालतो, पेन ड्राइव्ह मात्र क्वचितच ओळखला जातो. शिवाय डेस्कटॉप बंद असतानाही त्याचा दिवा मंद तेवतो. चूक कोठे आहे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पेन ड्राइव्हची तक्रार आपण आधी मांडलीत, तरी गंभीर गोष्ट तो दिवा आहे. लाल तारा एकत्र असल्यामुळे चालू लॅपटॉपचे ५ व्होल्ट बंद डेस्कटॉपमध्ये उलटे शिरत आहेत, आणि यात दोन्हीपैकी कोणाचाही पोर्ट निकामी होऊ शकतो. हा बोर्ड आजच काढून ठेवावा. काळ्या तारा, म्हणजे ग्राउंड, एकत्र असायलाच हव्यात; लाल तारा कधीही नाहीत.

कीबोर्ड चालतो याचे कारण साधे आहे. बहुतेक कीबोर्ड सेकंदाला १५ लाख बिट्स या संथ वेगाने बोलतात, त्यामुळे एका बिटला सुमारे ६६७ नॅनोसेकंद मिळतात आणि वाटेतला ओबडधोबडपणा खपून जातो. यूएसबी २.० पेन ड्राइव्हचा वेग ४८ कोटी बिट्सचा, म्हणजे बिटला जेमतेम २ नॅनोसेकंद. तेथे सरकत्या स्विचचे लांब पाय आणि न वापरलेल्या बाजूची लोंबती तार संकेत विस्कटून टाकतात. त्याऐवजी टीएस३यूएसबी२२१ सारखी याच कामासाठी केलेली चिप घ्यावी. ती ५ नव्हे, ३.३ व्होल्टवर चालते, म्हणून ५ व्होल्टचे ३.३ करणारा लहान रेग्युलेटर लागेल. दोन्ही संगणकांकडून प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा एकेक शॉटकी डायोड रेग्युलेटरकडे आणल्यास जो संगणक चालू असेल त्यातून वीज मिळते आणि ती दुसऱ्याकडे परतत नाही.

उपकरणाची वीजही अशाच डायोडमधून द्यावी, असा मोह होईल. परंतु डायोडवर सुमारे ०.३ व्होल्ट खर्च होतात आणि जास्त प्रवाह ओढणाऱ्या उपकरणाला ते जाणवते. म्हणून येथे प्रत्येक संगणकासाठी पाठीला पाठ लावलेले दोन पी-चॅनल मॉसफेट (विजेच्या इशाऱ्याने चालू-बंद होणारे स्विच) वापरावेत. एकच मॉसफेट पुरत नाही, कारण तो बंद असला तरी त्याच्या अंगच्या डायोडमधून प्रवाह उलटा जातो. अनेकांचा पहिला बोर्ड इथेच फसतो. बदल करताना आधी वीज तोडावी, पाव सेकंद थांबावे, मग डेटा चिपची दिशा बदलावी आणि शेवटी नवी वीज द्यावी, म्हणजे पेन ड्राइव्ह खरोखर उपटून पुन्हा खोचल्यासारखा नव्याने सुरू होईल. या क्रमासाठी आठ पायांचा मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम करता येणारी छोटी चिप) पुरे.

बोर्ड चार पदरी करावा. डेटाच्या दोन रेघा शेजारी-शेजारी, सारख्या लांबीच्या आणि शक्य तेवढ्या आखूड ठेवाव्यात. त्यांच्या लगेच खालच्या पदरात अखंड ग्राउंड असावे. जोडीची इम्पीडन्स, म्हणजे वेगवान संकेताला होणारा अडथळा, ९० ओम यावी लागते, आणि रेघेची रुंदी बोर्ड बनवणाऱ्याने दिलेल्या पदरांच्या जाडीवरून कायकॅड या बोर्ड आखण्याच्या सॉफ्टवेअरमधील गणकयंत्राने काढता येते. १.६ मिलिमीटरच्या दोन पदरी बोर्डात ग्राउंड इतके दूर पडते की रेघा अवास्तव रुंद होतात. स्थिर विजेपासून संरक्षण देणारा भाग कनेक्टरला खेटून बसवावा.

तयार बोर्डाला लगेच संगणक जोडू नये. एका बाजूला मोबाइलचा चार्जर लावावा आणि दुसऱ्या बाजूच्या ५ व्होल्ट व ग्राउंड यांच्यात १ किलोओमचा रोध जोडून मीटर धरावा. रोध नसेल तर डायोडच्या नगण्य गळतीमुळेही मीटर फसवे व्होल्ट दाखवतो. वाचन जवळपास शून्य आले पाहिजे. बाजू बदलून पुन्हा मोजावे, आणि संगणक निवडणाऱ्या बटणाच्या दोन्ही स्थितींत मोजावे.