घरच्या ताटापुरते शेत

प्रश्न : आम्ही पिंपरीत राहतो. बार्शी तालुक्यातील दीड एकर काळी जमीन नुकतीच आमच्या वाटणीला आली आहे. विहिरीला पाणी आहे, पण ते जेमतेम फेब्रुवारीपर्यंत पुरते. गावातील सगळे सोयाबीन करा म्हणतात. आमच्या मनात मात्र दोन मुलांना घेऊन गावी राहावे आणि घरचे पिकवून खावे असे आहे. दीड एकरात चार माणसांचे भागेल का?
— एक वाचक भगिनी, पिंपरी

उत्तर : ताटापुरते बरेचसे भागेल, पण मुलांची शाळा, दवाखाना आणि मीठ-साखर यांचा खर्च दीड एकर कोरडवाहू रानातून निघेल असे मी सांगणार नाही. दोघांपैकी एकाची थोडीफार बाहेरची कमाई चालू ठेवूनच गावी जावे. एवढे ठरले की पुढचा हिशेब बाजारभावापासून नव्हे, तर स्वयंपाकघरातील डब्यांपासून मांडावा.

चार माणसांना दोन्ही वेळा भाकरी म्हटली तर रोज सव्वा किलो पीठ लागते, म्हणजे वर्षाची ज्वारी साधारण साडेचार क्विंटल झाली. रोज २०० ग्रॅम डाळ धरली तर वर्षाला ७३ किलो लागते, आणि तिच्यासाठी अख्खी तूर एक क्विंटल हवी, कारण भरडून-पाखडून शंभरात सत्तर-पंचाहत्तर किलोच डाळ हाती येते. महिन्याला दोन किलो तेल धरले तर वर्षाला २४ किलो होते. करडईत सुमारे ३० टक्के तेल असते, पण घाण्यावर त्यातील काही पेंडीत राहते, म्हणून करडईही क्विंटलभर धरावी.

दीड एकर म्हणजे ६० गुंठे. त्यातील ३२ गुंठे रब्बी ज्वारीला द्यावेत. पाऊस वेळेवर झाला तर जूनमध्ये तेथेच मूग पेरावा. तो ६०-६५ दिवसांत निघतो आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात ज्वारीसाठी रान मोकळे होते. भारी जमिनीत मालदांडीच पेरावी. ‘एम ३५-१’ या नावाने ओळखली जाणारी ही निवड आपल्याच सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे झाली, आणि आमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर आता भौगोलिक मानांकनही आहे. तिची भाकरी गोड लागते, आणि कडबा चांगला होत असल्यामुळे दारात एक गाय बांधता येते. उरलेल्या रानापैकी १२ गुंठ्यांत बाजरीच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी, १२ गुंठ्यांत हरभऱ्याच्या सहा ओळींमागे करडईच्या तीन ओळी, दोन गुंठे परसबाग आणि दोन गुंठे गोठा व कडब्याची गंजी अशी वाटणी करावी. ज्वारीच्या कडेनेही करडईच्या दोन ओळी घ्याव्यात, म्हणजे तिच्या काट्यांमुळे मोकाट जनावर आत शिरत नाही. बांधावर अंबाडी लावावी.

इतके करूनही तूर आणि तेल कमी पडेल, ते विकत घ्यावे लागेल. ज्वारी चांगल्या सालात माझ्या रानात एकरी सहा-सात क्विंटल उतरते, आणि परतीच्या पावसाने पाठ फिरवली की दोन-तीनवरही येते. म्हणून सुगीच्या सालातली जास्तीची ज्वारी भाव चढला तरी विकू नये, असा आमच्या घरात दंडकच आहे.

सोयाबीनला मी नावे ठेवत नाही. पण ते सगळेच्या सगळे पोत्यांत भरून बाजारात जाते, आणि भाव पडला की त्याच पैशात घरची डाळ, तेल आणि भाजी विकत आणणे जड जाते. धाराशिव-लातूर भागातील बायकांनी दुष्काळात हे भोगले. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साथीने त्यांनी घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागून घेतला आणि त्यात धान्य, कडधान्ये व भाजीपाला अशी खाण्याची पिके घेतली. संस्थेच्या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. जमले तर गावी जाण्याआधी त्यांच्यापैकी कोणाचे तरी रान पाहून यावे.

परसबागेसाठी दोन गुंठे पुष्कळ झाले. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब-रुंद जागा. मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ, कुंपणाला दोडका, कारले, घेवडा, कोपऱ्यात दोन शेवगे आणि एक लिंबू, मधल्या वाफ्यांत मेथी, शेपू, चाकवत. उन्हाळ्यात पाणी आटले की शेवगा आणि वाळवलेली अंबाडी यांवर निभावते. मात्र माझी एक कळकळीची विनंती आहे : तणनाशक फवारू नका. आमच्या सासूबाई ज्वारी खुरपताना तण बांधावर टाकीत आणि पाथरी तेवढी ओच्यात ठेवीत. संध्याकाळी ती सुपात निवडून, धुऊन, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरीबरोबर कच्चीच खाल्ली जाई. तांदूळजा, घोळ, पाथरी या भाज्या कोणी पेरत नाही, आणि फवारा मारलेल्या रानात त्या खाण्याजोग्या राहत नाहीत.

अशा ताटाचा कसही चांगला असतो. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन (प्रथिनांचा एक आवश्यक घटक) कमी असते, ते तूर, मूग आणि मटकीत भरपूर मिळते. म्हणून भाकरी-आमटी ही जोडी मोडू नये. पालेभाजीतील लोह अंगी लागावे म्हणून वर लिंबू पिळावे. ब-१२ जीवनसत्त्व मात्र यातील कशातूनही मिळत नाही, त्यासाठी दूध-ताक हवेच. गाय बांधण्याचा माझा आग्रह आहे तो यासाठीच.

प्रश्न : घरच्या तुरीला आणि ज्वारीला दिवाळीपर्यंत कीड लागते. औषधाच्या गोळ्या ठेवणे योग्य आहे का?
— एक वाचक, इंदापूर

उत्तर : राहत्या घरात अजिबात ठेवू नयेत. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा वायू माणसाचाही जीव घेतो, आणि आमच्याकडच्या घरांत धान्याची खोली बहुधा निजण्याच्या खोलीला लागूनच असते.

बहुतेक वेळा चूक वाळवण्यात असते. आमचीही झाली होती. मळणीनंतर दोन उन्हे देऊन तूर घाईने पिंपात भरली आणि आषाढात झाकण उघडले, तर दाण्यादाण्याला भोक आणि वर भुंगे फिरत होते. तेव्हापासून दाणा दाताखाली कडकन फुटेपर्यंत वाळवल्याशिवाय आम्ही भरत नाही. उन्हातून काढलेले धान्य रात्रभर निवू द्यावे, नाहीतर पिंपात घाम धरते. तूर वर्षभर अख्खी ठेवू नये. भिजवून, तांबडी माती लावून, वाळवून तिची लवकर डाळ करावी आणि डाळीला तेलाचा हात लावून ठेवावी. बियाण्यापुरती अख्खी तूर चाळलेल्या राखेत ठेवली तर टिकते. ज्वारीत थराथराने सावलीत सुकवलेला कडुलिंबाचा पाला घालावा आणि श्रावणात ऊन पडेल त्या दिवशी ती पुन्हा पसरावी.

प्रश्न : गावाहून ज्वारी आणतो, पण भाकरी थापताना तुटते. ज्वारीतच दोष असेल का?
— एक वाचक भगिनी, ठाणे

उत्तर : ज्वारी बहुधा चांगलीच असेल, पीठ शिळे असेल. दळून पंधरा-वीस दिवस झाले की पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. आठवड्यापुरतेच दळून आणावे. तोवर हाती असलेल्या पिठात मधोमध आळे करून उकळते पाणी ओतावे, दोन मिनिटे झाकून ठेवावे आणि हाताला सोसेल इतके निवले की तळहाताच्या टाचेने रगडून मळावे. एका वेळी एकाच भाकरीचे पीठ मळावे आणि लगेच थापावे. थापलेली भाकरी तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवावा, आणि ते पाणी सुकून जाण्याआधीच ती उलटावी, नाहीतर तिला चिरा पडतात.