उन्हाने हवा कशी तापते हे सहा-सात वर्षांच्या मुलांना कसं समजवावं?

तुम्ही लिहिलंय की 'सूर्य हवा तापवतो' असं सांगितल्यावर तुमच्या मुलीने विचारलं, मग सूर्य बारा वाजता डोक्यावर असताना जास्त गरम दोन-तीन वाजता का होतं? आधी तिला शाबासकी द्या. तिने बरोबर जागी बोट ठेवलं.

सूर्य हवेला थेट फारसं तापवतच नाही. बरंचसं ऊन हवेतून आरपार खाली येतं, त्याने जमीन तापते आणि जमिनीला लागलेली हवा जमिनीमुळे तापते. मी नागपुरात दुसरीच्या वर्गाला शिकवते. तिथे 'जमीन म्हणजे तवा' एवढंच सांगते. पण तेही नंतर; आधी हात लावू देते. जानेवारीत साडेदहा-अकराला पोट्ट्यांना मैदानात नेते. सिमेंटचा ओटा, माती, गवत, बादलीतलं पाणी, सगळं उन्हातलं एकदा आणि सावलीतलं एकदा. मग उन्हातल्या टिनावर वीतभर उंच हात धरायचा, टेकवायचा नाही. एकजण हमखास ओरडतो, "मॅडम, वाफ येऊन राहिली!" वाफ नाही रे, गरम हवा. ती वर चढते, आणि आपल्याकडे दुपारी घारी पंख न हलवता गोल गोल वर जातात त्या तिच्याच जोरावर. त्यानंतर आठवडाभर मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या माना वर.

थर्मामीटर वापरणार असाल (तापाचा नव्हे, भिंतीवर टांगायचा) तर माझी चूक करू नका. पहिल्या वर्षी मी तो उन्हात टांगला. पारा पन्नासच्या वर गेला, पोरं खूश, आणि मी तो आकडा फळ्यावर 'हवेचं तापमान' म्हणून लिहिला! उन्हातला थर्मामीटर स्वतःच तापतो आणि स्वतःचंच तापमान दाखवतो. म्हणून हवामान खातं तो झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर ठेवतं. पेपरात येणारे 45 अंश हे सावलीतले असतात, हे कित्येक मोठ्यांनाही माहीत नसतं.

आता तुमच्या लेकीचा प्रश्न. बुडाला लहान भोक असलेला डबा नळाखाली धरा. नळ मोठा सोडा, मग हळूहळू कमी करत जा. नळ कमी होऊ लागला तरी डब्यातलं पाणी काही वेळ चढतच राहतं, कारण गळतंय त्यापेक्षा अजून येतंय जास्त. नळ म्हणजे ऊन, भोक म्हणजे जमिनीतून निघून जाणारी उष्णता. बारानंतर ऊन उतरू लागतं, पण दोन-तीनपर्यंत जमा खर्चापेक्षा जास्तच असते. पाण्याचा खेळ असल्यामुळे हा प्रयोग चार वेळा करावा लागेल, तयारी ठेवा.

तरी पटलं नाही तर उन्हाळ्यात रात्री आठला गच्चीवर न्या. सूर्य कधीचाच गेलेला, तरी स्लॅबवर अनवाणी उभं राहवत नाही. आपण संध्याकाळी गच्चीवर पाणी का मारतो, ते तिचं तीच सांगेल.

हिवाळ्यात ऊन असूनही थंडी का, हा पुढचा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर सावलीत आहे. 22 डिसेंबरच्या आसपास बारा-सव्वाबाराला अंगणात तिची सावली खडूने आखून मोजा. नागपुरात ती जवळजवळ तिच्या उंचीएवढी भरते. ऊन तिरपं, म्हणून तेवढंच ऊन जास्त जागेवर पसरतं, आणि दिवसही लहान. तोच खडू तसाच जपून ठेवा आणि ऐन नवतपात (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस), 26 मेच्या सुमारास, बारा वाजून दहा मिनिटांनी तिला त्याच जागी उभं करा. सावली पायाखाली गडप. टोपी घालून, चप्पल घालून, दोनच मिनिटं, आणि आत आल्यावर कैरीचं पन्हं.