ओबामांचा २००९ चा शपथविधी तुम्ही प्रत्यक्ष पाहिला आहे का? तो क्षण खरंच इतका ऐतिहासिक वाटला होता का?

'पाहिला' म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. २० जानेवारी २००९ ला मी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर, म्हणजे तिथल्या लांबलचक मैदानावर, उभा होतो, एवढं खरं. पण ओबामा होते कॅपिटॉलच्या, म्हणजे त्यांच्या संसद भवनाच्या, पायऱ्यांवर आणि मी होतो वॉशिंग्टन स्मारकाच्या टेकाडावर. मधे दोन किलोमीटर. तिथून कॅपिटॉलचा घुमटसुद्धा उकडीच्या मोदकाएवढा दिसतो, माणूस कुठला दिसायला? जे पाहिलं ते मैदानात लावलेल्या मोठ्या पडद्यावर, आणि तोही पुढच्या माणसाच्या खांद्यावर बसलेल्या पोराच्या टोपीआडून.

तेव्हा मी शेजारच्या मेरीलँडमध्ये एच-वन-बी वर, म्हणजे नोकरीपुरत्या तात्पुरत्या व्हिसावर होतो. लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडून चार महिने झाले होते आणि ऑफिसात दर शुक्रवारी कुणीतरी खोक्यात सामान भरताना दिसायचं. मतदानाचा हक्क नाही, नोकरीची खात्री नाही. हा सोहळा माझा नव्हताच. मग गेलो कशाला? सुट्टी होती आणि रूममेटने उठवलं, हे खरं कारण. हा रूममेट विजयवाड्याचा, कुठल्याही गर्दीत जायला एका पायावर तयार.

मेट्रो पहाटे चारला सुरू होणार होती. साडेचारला शेडी ग्रोव्ह स्टेशनवर पोचलो तर गाडी पहिल्याच स्टेशनात भरलेली. मी ठाण्यात तीन वर्षं काढलेली, त्यामुळे आत शिरण्याचं तंत्र अंगात होतं. फरक एवढाच, की इथे कोपर लागलं तर लोक सॉरी म्हणत होते, आणि डब्यात चक्क गाणी चालली होती. त्या दिवशी मेट्रोने अकरा लाखांवर फेऱ्या झाल्या, तोवरचा उच्चांक. पेनसिल्व्हेनिया अ‍ॅव्हेन्यू मिरवणुकीसाठी बंद, त्यामुळे उत्तरेकडून येणाऱ्यांना मॉलवर पोचायला मोठा वळसा. आम्ही फॅरागट नॉर्थला उतरून १८व्या रस्त्याने चालत गेलो. उजाडलंही नव्हतं आणि रस्त्याच्या मधोमध माणसंच माणसं, सगळी एकाच दिशेने. पंढरपूरच्या वाटेवर असतं तसं, फक्त थंडी हाडात शिरणारी.

थंडीबद्दल सांगितलंच पाहिजे. दुपारी बारालासुद्धा पारा उणे दोनच्या आसपास होता, पहाटे त्याहून खाली. मी दोन पँटी, तीन मोजे आणि आईने विणलेली कानटोपी घालून गेलो होतो. सातनंतर पायाची बोटं आपली आहेत की नाहीत तेच कळेना. मागाहून वाचलं, की चेलोवादक यो-यो मा आणि इतरांनी वाजवलेलं ते सुंदर संगीत दोन दिवस आधीच ध्वनिमुद्रित केलेलं होतं, कारण इतक्या थंडीत तारा सुरात राहत नाहीत. लोक त्यावर चिडले होते. मी नाही चिडलो. मला माझं नाक सुरात ठेवता येत नव्हतं.

आमच्या शेजारी एक आजी होत्या. कृष्णवर्णीय, पंचाहत्तरीच्या आसपासच्या. घडीची खुर्ची, मांडीवर ब्लँकेट, त्यावर दुसरं ब्लँकेट. सोबतचा भाचा कॉफी आणायला म्हणून गेला तो दोन तास परतलाच नाही. मी शंकरपाळ्यांचा डबा पुढे केला. त्यांनी एक खाल्लं, मग मूठभर घेतले, आणि मला हात शेकायच्या दोन पुड्या दिल्या. मोज्यात घाल म्हणाल्या. माझी बोटं आज दहाच्या दहा आहेत त्याचं श्रेय मी त्यांना देतो. जन्म आणि सगळं आयुष्य वॉशिंग्टनमध्ये गेलेलं. मला 'बेबी' म्हणत होत्या, तिकडच्या म्हाताऱ्या बायका कुणालाही म्हणतात तसं.

आता मुख्य कार्यक्रम. पडद्यावर मावळते अध्यक्ष बुश आले तेव्हा आमच्या भागात हुर्यो झाली. आजींना ते आवडलं नाही. 'पाहुण्यांसमोर असं करत नाहीत,' म्हणाल्या. पाहुणे म्हणजे आम्ही दोघं की बुश, ते कळलं नाही. त्यांचे उपाध्यक्ष चेनी चाकाच्या खुर्चीतून आले, सामानाची खोकी हलवताना पाठ धरली होती म्हणे. अरिथा फ्रँकलिन गायल्या, आणि गाण्याइतकीच चर्चा त्यांच्या मोठ्या बो लावलेल्या करड्या टोपीची झाली.

आणि शपथ. तुम्ही क्षणाबद्दल विचारलंत म्हणून प्रामाणिकपणे सांगतो: त्या क्षणी मला काहीही झालं नाही. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी शब्दांचा क्रम चुकवला, 'निष्ठापूर्वक' हा शब्द भलत्याच जागी गेला, ओबामा मधेच थांबले, आणि मला वाटलं पडद्याचा आवाज अडकला. लिंकनने १८६१ मध्ये ज्या बायबलवर हात ठेवला होता तेच बायबल, इतकी सगळी जुळवाजुळव, आणि ऐनवेळी हे. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसच्या मॅप रूममध्ये त्यांनी पुन्हा शपथ घेतली, या वेळी बायबलशिवाय, मोजक्या लोकांसमोर. खरं तर त्याचीही गरज नव्हती, कारण त्यांच्या राज्यघटनेनुसार भर दुपारी बाराला नवा अध्यक्ष आपोआप अध्यक्ष होतो. म्हणजे आम्ही लाखो लोक श्वास रोखून ज्या क्षणाची वाट पाहत होतो तो संगीत चालू असतानाच येऊन गेला होता. पत्रिकेतला मुहूर्त टळला तरी लग्न लागायचं राहत नाही, तसंच हे.

शपथ संपली आणि जो गलका झाला तो मात्र विसरता येणार नाही. कॅपिटॉलकडून निघालेला आवाज लाटेसारखा आमच्यापर्यंत येत होता, आमच्यावरून मागे लिंकन स्मारकाकडे जात होता. गर्दीचा अंदाज अठरा लाखांचा सांगितला गेला. मी मोजले नाहीत.

भाषण मोठं, आणि माझ्या मते ओबामांच्या चांगल्या भाषणांपैकी नव्हे. सुरुवातीलाच एक चूक. म्हणाले, चव्वेचाळीस अमेरिकनांनी ही शपथ घेतली आहे. घेतली होती त्रेचाळीसांनी. ग्रोव्हर क्लीव्हलँड मधे चार वर्षं सोडून दोनदा निवडून आले, म्हणून ते यादीत दोनदा मोजले जातात. हा देश ख्रिश्चन आणि मुस्लिमांचा, ज्यू आणि हिंदूंचा आणि श्रद्धा नसलेल्यांचाही आहे, असं वाक्य आलं तेव्हा रूममेटने इतक्या जोरात आरोळी ठोकली, की पुढची चार माणसं वळून आमच्याकडे बघून हसली. मला ओशाळल्यासारखं झालं आणि बरंही वाटलं.

मग शेवटाकडे ते वाक्य आलं. साठ वर्षांहून कमी काळापूर्वी ज्याच्या वडिलांना इथल्या एखाद्या रेस्टॉरंटमध्ये कदाचित वाढलंही गेलं नसतं, तो माणूस आज तुमच्यापुढे ही शपथ घ्यायला उभा आहे, अशा अर्थाचं. लोक टाळ्या वाजवायला लागले. आजींनी वाजवल्या नाहीत. पडद्याकडे बघतच, कुणाला उद्देशून नाही, त्या हळूच म्हणाल्या, 'कदाचित कसलं?'

एवढंच. पण माझ्यासाठी त्या दिवशी जे काही ऐतिहासिक होतं ते त्या दोन शब्दांत आलं. तोवर मी वर्णभेद म्हणजे दक्षिणेकडची, सिनेमात बघायची गोष्ट समजत होतो. अलाबामा, मिसिसिपी वगैरे. जिथे आम्ही उभे होतो त्या गावात, व्हाइट हाउसपासून चालत जाता येईल अशा अंतरावर, या बाईंना लहानपणी दुकानात पैसे देऊन कपडे घेता यायचे, पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसता यायचं नाही. आई घरून सँडविच बांधून आणायची आणि बागेतल्या बाकावर बसून खायला लावायची. हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, बसचा मार्ग सांगावा तसं.

नंतर मी त्याबद्दल वाचलं. १९५० मध्ये मेरी चर्च टेरेल नावाच्या बाई, वय ८६, काही साथीदारांसह चौदाव्या रस्त्यावरच्या एका कॅफेटेरियात शिरल्या. वाढायला नकार मिळाला. प्रकरण कोर्टात गेलं. गंमत अशी, की १८७२ आणि १८७३ साली शहरात असा भेदभाव करायला बंदी घालणारे कायदे झालेले होते. ते रद्द कुणी केले नव्हते, फक्त सगळ्यांच्या सोयीने विस्मरणात गेले होते. जून १९५३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, कायदे लागू आहेत. म्हणजे ओबामांचं गणित बरोबर होतं, छप्पन्नच वर्षं. बदलायचा होता तो फक्त 'कदाचित'.

संध्याकाळी कसाबसा फोन लागला. आमचं घर वडूजचं, वडील निवृत्त शिक्षक. तिकडे रात्री साडेदहाला शपथविधी लागला होता, त्यांनी जागून सगळा पाहिला. पहिलं वाक्य, 'आम्हाला तुझ्यापेक्षा चांगलं दिसलं.' दुसरं, 'जोतिरावांनी गुलामगिरी कुणाला अर्पण केलीय सांग.' मला माहीत नव्हतं. १८७३ साली फुल्यांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, निग्रो लोकांना दास्यातून मुक्त करण्यासाठी त्यांनी जो स्वार्थत्याग केला त्याबद्दल. आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या बाबतीत त्यांचा कित्ता घ्यावा अशी इच्छा सोबत लिहिली. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आमच्याच खटाव तालुक्यातलं. शाळेची सहल तिथे गेली होती, मी बसमध्ये झोपलो होतो. 'म्हणजे त्यांनी तुझ्याआधी पावणेदोनशे वर्षं…' असं काहीतरी वडील सुरू करणार होते, मी म्हटलं, 'आबा, एकशे छत्तीस.' ते म्हणाले, 'गणित येतंय, तेवढं बरं हाय.' आणि लाइन गेली.

भाषणानंतर कविता सुरू झाली तशी लोकांनी घराकडे धूम ठोकली. आम्ही थांबलो, कारण आजी हलायला तयार नव्हत्या. त्यांना रेव्हरंड लोवरींची प्रार्थना ऐकायची होती. मार्टिन ल्यूथर किंगच्या बरोबरीने काम केलेले लोवरी तेव्हा ८७ वर्षांचे. शेवटी त्यांनी रंगांवर यमकं जुळवत जुळवत सगळ्यांना हसवलं. काळ्यांना मागे हो म्हणणार नाहीत, तपकिरी इथेच राहू शकेल, असा दिवस येवो, वगैरे. तपकिरी राहू शकेल म्हटल्यावर रूममेटने मला कोपर मारलं. व्हिसाचं नूतनीकरण अडकलेल्या दोघांनी याहून मनापासून 'आमेन' कधी म्हटलं नसेल.

एक गंमत राहिली. आमच्या ऑफिसातल्या एकीकडे अगदी पुढचा, जांभळ्या रंगाचा पास होता. आठवडाभर ती तो दाखवत फिरली. त्या रंगाचे हजारो पासधारक मॉलखालच्या तिसऱ्या रस्त्याच्या बोगद्यात तासन्‌तास रांगेत अडकले आणि त्यांच्यासाठीचं दार काही उघडलं नाही. तिने तो शपथविधी बोगद्यात, कुणाच्या तरी छोट्या रेडिओवर ऐकला. तिच्यापुढे मी माझ्या मोदकाएवढ्या घुमटाची तक्रार कधी केली नाही.

पुढे ओबामांनी काय केलं, काय करायचं राहिलं, यावर इथे पुष्कळ उत्तरं आहेत, मी भर घालत नाही.

भाचा शेवटी उगवला, कॉफीशिवाय. आजींची खुर्ची मी घडी करून रस्त्यापर्यंत नेली. जाता जाता मी विचारलं, पुढे ती सगळी रेस्टॉरंटं खुली झाल्यावर, तुम्ही गेलात का कधी? 'गेलो ना,' म्हणाल्या. 'आईने नवा हॅट घातला होता. सूप मागवलं.' मग थोडं थांबून, 'पाणचट होतं गं बाई. आई म्हणाली, एवढ्यासाठी? परत काही गेलो नाही.'